चिठ्ठीवरचा आकडा

१२ जानेवारी

गोटी,

पत्र फाडायचं असेल तर एवढी ओळ वाचून फाड. परवा सकाळी आई गेली.

सव्वासात वाजले होते. संशोधन केंद्रावर आठची हवेची नोंद घ्यायला निघण्याआधी मी तिला चहा द्यायला गेलो. चष्मा डोळ्यांवरच होता. त्रास झाला नसावा. पांघरूण तिने नेहमीसारखं पायाखाली दुमडलेलं होतं, ते तसंच होतं.

तुला फोन लावला, पण तो नंबर आता दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. पत्ता मला पोस्टातल्या बाईंनी दिला. डोळे अधू झाल्यापासून आई त्यांच्याकडून तुला पत्रं लिहून घेत होती, हे मला परवा कळलं. मी घरात असताना ती पोस्टापर्यंत चालत जात होती.

शेवटचे दोन महिने ती फार थकली होती, पण बोलणं शाबूत होतं. ताप आला की शेजारणीला सांगायची, "दादाला बोलावू नका. तो आधी हवेचा ताप बघेल, मग माझा." डॉक्टर हसायचे.

तिची पेटी मी उघडली नाही. वर तुझं नाव लिहिलेलं आहे. तुझा शाळेचा दाखला आणि लग्नातला फोटो आत असावा. कशी पाठवू ते कळव.

बाकी ठीक.

दादा


३० जानेवारी

गोटी,

उत्तर नाही. येईल असं धरलंही नव्हतं. तरी लिहितो, कारण केंद्रातून परत आल्यावर घरात बोलायला कोणी नाही, आणि मला नोंदींशिवाय दुसरं काही लिहिता येत नाही.

तू इथून गेलीस त्यानंतरचं आवार तू ओळखणार नाहीस. प्रयोगातला सात नंबरचा तुकडा आता पुरतं जंगल झाला आहे. एकोणचाळीस वर्षांत आम्ही त्याला एकदाही काडी लावलेली नाही. समोरचा चार नंबर दरवर्षी पेटवतो. तिथे अजून छातीएवढं गवत आहे आणि मधूनमधून जाड सालीची झाडं. दोघांच्या मध्ये एक गाडी जाईल एवढा रस्ता. माती तीच, पाऊस तोच. आपल्याकडे पडतो एवढ्या पावसात जमीन गवताळ माळ होऊ शकते आणि जंगलही होऊ शकते. काय होणार ते आग ठरवते. पाऊस पुष्कळ जास्त असता तर सगळं ओलं राहून आगीला वावच मिळाला नसता. पुष्कळ कमी असता तर आग नसूनही झाडी दाटली नसती. आपण मधल्या पट्ट्यात राहतो.

चार नंबरमध्ये गुडघ्याएवढी रोपं आहेत. पाहुण्यांना वाटतं यंदा रुजली असतील. परवा मोठ्या बाईंनी एक खणून पाहिलं. (आमच्या आताच्या प्रमुख शास्त्रज्ञ. तुझ्या वेळी होत्या त्याच. केस पांढरे झाले आहेत.) मूळ माझ्या मनगटाहून जाड निघालं. तीस वर्षांच्या पुढचं असेल, म्हणाल्या. दरवर्षी वरचं जळतं आणि खालून पुन्हा फुटतं. सलग तीन-चार वर्षं आग चुकली तर ते रोप ज्वाळांच्या वर डोकं काढतं. मग त्याचं झाड होतं, सावली पडते, सावलीखाली गवत मरतं, आणि गवत नसलं की आगीला खायला काही उरत नाही.

म्हणूनच आम्ही नव्या माणसाला शिकवतो, की जळून गेलेल्या काळ्या भागात जाता आलं नाही तर झाडीत शिरा. गवतातली आग झाडीच्या ओलाव्यापाशी येऊन विझते. तीस वर्षं मी तिला सात नंबरच्या कडेला विझताना बघत आलो. फक्त एकदा ती विझली नाही.

मार्चमध्ये मुकादमांना जाऊन नऊ वर्षं होतील. तुझ्याशी लग्न झाल्यावरही मी त्यांना मुकादमच म्हणत राहिलो, तू चिडायचीस. बाईंचा नवा लेख छापून आला आहे, त्यात त्या वर्षाबद्दल एक परिच्छेद आहे. आधीचे दोन पावसाळे कोरडे गेले होते. कडेच्या झाडांनी पानं टाकली होती, आतला पाचोळा वाळून कडकडीत झाला होता. म्हणून आग आत गेली. हवामान असंच तापत राहिलं तर हे पुन्हा पुन्हा होईल आणि माळ आणि जंगल यांची हद्द हलेल, असं त्यांनी लिहिलं आहे.

म्हणजे ते कोणाच्या हातात नव्हतं. तुला हे कळावं म्हणून लिहिलं.

बाकी ठीक.

दादा


१७ फेब्रुवारी

गोटी,

तुझं कार्ड मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, उजवीकडे चढत जाणारं.

तू लिहिलं आहेस: "गवताचं पुरे. 'ते अशा हवेत पेटवणारच नाहीत' हे मी चौकशीत ओरडून सांगत होते तेव्हा तू खाली बघत होतास. आईने शेवटच्या पत्रात लिहिलं होतं, दादाला एक गोष्ट विचारायची आहे, धीर होत नाही. विचारली का तिने? काय विचारलं? ते लिही, नाहीतर लिहू नकोस."

विचारली.

जाण्याच्या आठ दिवस आधी, दुपारी. मी तिची नखं कापत होतो. ती म्हणाली, "त्या सकाळी तू पाणी घातलं होतंस का रे?"

तुला हे समजायला थोडं यंत्राचं सांगावं लागेल, आणि ते मी टाळण्यासाठी सांगत नाही. आवारातल्या पांढऱ्या पेटीत दोन तापमापक असतात. एक कोरडा. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या गोळ्याला कापडाची वात गुंडाळलेली असते, तिचं टोक पाण्याच्या वाटीत बुडलेलं. वातीतलं पाणी उडतं तसा तो गार पडतो. हवा जितकी कोरडी तितका जास्त गार. दोघांतला फरक पाहून तक्त्यातून हवेतली आर्द्रता काढायची. वाटी आटली आणि वात सुकत आली, की दुसराही पहिल्यासारखा तापतो. फरक कमी दिसतो. हवा ठणठणीत कोरडी असली तरी यंत्र म्हणतं, दमट आहे.

वाटीत साधं पाणी चालत नाही, क्षार बसतात. साठवलेलं पावसाचं पाणी आई फडक्यातून गाळून बाटलीत भरायची आणि दाराशेजारच्या खिडकीत ठेवायची. मी जाताना न्यायचो. हे तुला माहीत आहे, तू लहानपणी त्याच बाटलीतून पाणी प्यायलीस म्हणून मार खाल्ला होतास.

मी आईला म्हणालो, "कोणत्या सकाळी?"

ती म्हणाली, "वेड पांघरू नकोस. त्या आठवड्यात बाटली खिडकीतच होती. मी पुसायला उचलली तर सगळ्या खिडकीत धूळ आणि बाटलीखाली तेवढा स्वच्छ गोल. ते गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बाटली ओतून टाकली, धुतली आणि पालथी घातली. कोणी बघायला आलं असतं तर?"

"मग नऊ वर्षं विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं आणि तू नाही म्हणाला असतास, तर मला पोरीला सांगावं लागलं असतं."

नंतर तिने दुसरा हात पुढे केला. मी त्या हाताचीही नखं कापली. उत्तर दिलं नाही. आठ दिवस माझ्याकडे होते.

तुला देतो. घातलं नव्हतं. कारण काही मोठं असतं तर बरं वाटलं असतं. सर्दी झाली होती. दोन दिवस बाटली न्यायला विसरलो, आणि तिसऱ्या दिवशी वाटलं, तळाला असेल अजून.

दादा


१९ फेब्रुवारी

गोटी,

परवाचं पत्र टाकून आलो आणि लक्षात आलं, की त्यात मी निम्मंच सांगितलं आहे. उरलेलं त्याहून वाईट आहे.

आमच्याकडे पद्धत होती, की आर्द्रता चाळीसच्या खाली असेल तर पेटवायचं नाही. आकडा मी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून मुकादमांच्या हातात द्यायचा. चिठ्ठी हातात आल्याशिवाय ते काडी ओढत नसत. "काय टक्केवारी, आज काय भाव?" असं लांबूनच ओरडायचे. आवारात माझं तेच नाव पडलं होतं.

त्या दिवशी पाच नंबर पेटवायचा होता, सात नंबरला लागून असलेला. मी चिठ्ठीवर पंचावन्न लिहिलं.

दहाच्या सुमारास वारा फिरला. पलीकडच्या बाजूचे तिघे काळ्या भागात आले आणि वाचले. सात नंबरच्या कडेला मुकादम एकटे होते. काळ्याकडे जायची वाट बंद झाली, म्हणून ते जे सगळ्यांना शिकवत आले तेच त्यांनी केलं. झाडीत गेले.

पुढचं तुला माहीत आहे. मी पेटीकडे गेलो तेव्हाचं माहीत नाही. वात बोटाला कडक लागली. मी नळाच्याच पाण्याने वाटी भरली, थांबलो, दोन्ही पारे पुन्हा वाचले आणि मागचा हिशेब मांडला. सकाळची खरी आर्द्रता अठ्ठावीसच्या आसपास होती.

पक्की नोंदवही दिवसाच्या शेवटी भरायची असते. तीत मी अठ्ठावीस लिहिलं.

गोटी, हे मी स्वतःला वाचवायला केलं का, असं मी नऊ वर्षं स्वतःला विचारतो आहे. लिहिताना मला वाटत होतं की मी चूक दुरुस्त करतो आहे. एवढ्या वर्षांच्या नोंदीत हवेचा एक खोटा आकडा राहू नये. हवा अठ्ठावीसच होती, ते खरंच होतं. माणूस पंचावन्नवर विश्वासून गेला, तेही खरं होतं, पण त्यासाठी वहीत रकाना नव्हता.

चौथ्या दिवशी चौकशीला तिघे आले. वही उघडून त्यांनी विचारलं, "चिठ्ठीवर हाच आकडा होता?"

चिठ्ठी मुकादमांच्या खिशात होती. उरली नव्हती.

मी हो म्हणालो.

त्यानंतरचं वाक्य तुला पाठ असेल. "आर्द्रता अठ्ठावीस असल्याचे लेखी कळवूनही मुकादमाने निष्काळजीपणे आग लावली." तू उठून उभी राहिलीस. भाची तुझ्या खांद्यावर झोपली होती, ती दचकून रडायला लागली. तू म्हणालीस, "दादा, तू सांग ना यांना. तू तर ओळखतोस त्यांना." मी टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा डबीत ठेवली. तेवढंच आठवतं.

कच्ची वही माझ्याकडे आहे. तीत पेन्सिलीने पंचावन्न लिहिलेलं आहे. खोडलेलं नाही.

दादा


१२ मार्च

गोटी,

सोबत माझ्या निवेदनाची प्रत आहे. मूळ प्रत मोठ्या बाईंना सोमवारी दिली, कच्च्या वहीसकट.

त्या म्हणाल्या, "बसा."

मी म्हणालो, "उभाच बरा आहे."

त्यांनी दोनदा वाचलं. मग चष्मा काढून म्हणाल्या, "किती वेळा केलंत असं?"

"एकदाच."

"ते मी कशावरून धरू?"

त्या रागावल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्या उठून कपाटापाशी गेल्या आणि माझ्या एकतीस नोंदवह्यांच्या पाठींवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "आग किती जोरात लागली आणि हवा किती कोरडी होती, एवढ्यावर तर आमचं सगळं उभं आहे. आता हे सगळं बाजूला ठेवावं लागेल. छापून आलेलं मागे घ्यावं लागेल." मग कपाट लावून म्हणाल्या, "माझाही लेख."

एका आकड्याला वहीत स्वच्छ ठेवायला गेलो आणि सगळ्या वह्या गेल्या. हे तुला दया यावी म्हणून लिहीत नाही. मला ते योग्य वाटतं.

आवाराच्या फाटकाची किल्ली त्यांनी मागून घेतली. मी बाहेर आलो तर शिपायाला कळलेलं होतं. "काय साहेब, आता बाहेर पाऊस पडतोय का तेही तुम्हाला विचारायचं नाही ना?" तो मुकादमांच्या हाताखाली होता, वाचलेल्या तिघांतला एक. मी चालत राहिलो. तो माझ्या मागे फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "नऊ वर्षं मी त्यांना शिव्या देत होतो. वाटायचं, आम्हाला मारायला निघाला होता हा माणूस."

जुना अहवाल रद्द करता येत नाही म्हणे, पण निवेदन त्याला जोडतील आणि निष्काळजीपणाचं ते वाक्य मागे घेतल्याचं पत्र तुला पाठवतील. बाईंनी समितीला तसं लिहिलं आहे. तू इथे येऊन कागद बघणार असशील तर त्या दाखवतील. मी समोर नको असेन तर मी आवारात येणार नाही.

दादा


५ एप्रिल

गोटी,

तुम्ही दोघी पोहोचल्या असाल.

तू घरात येशील असं मला वाटलं नव्हतं. मी कप विसळलेलेही नव्हते. भाचीने दारातच तुला विचारलं, "मामा म्हणजे हेच?" आणि तू म्हणालीस, "हेच." तिची उंची मुकादमांवर गेली आहे. आईच्या खोलीत ती बराच वेळ उभी होती. आईची पेटी तिने एकटीने उचलली, मला हात लावू दिला नाही.

बाईंनी तुम्हाला पाच नंबरला नेलं होतं, हे तिच्या बुटांना चिकटलेल्या कुसळांवरून कळलं. सात नंबरची ती कड अजून उघडी आहे. आग आत शिरली तिथे झाडं मेली, उजेड आला, आणि उजेडाबरोबर गवत आलं. आता त्या कडेपर्यंत आग सहज जाईल. तेवढा कोपरा जंगलाचा राहिलेला नाही, आणि पुन्हा कधी होईल की नाही, सांगता येत नाही.

बस थांब्यावर तू माझ्याशी सरळ बोललीस, ते तेवढं एकच. भाची पाण्याची बाटली आणायला गेली होती. तू म्हणालीस, "एकच विचारते. तुझा आकडा बघून त्यांना काही वाटलं नाही? एवढं आयुष्य गवतात गेलं त्या माणसाचं."

मी म्हणालो, "नाही. घाईत होते."

तू मान हलवलीस आणि रस्त्याकडे बघत राहिलीस. बस आली. तू चढताना मागे वळली नाहीस. तुला माझा राग आला नव्हता. तुला त्यांचा राग आला होता, नऊ वर्षांत पहिल्यांदा, आणि तो मी आणला होता.

मी खोटं बोललो. का, ते मला नीट सांगता येत नाही. पहिल्या निवेदनातही हे नाही. एवढं सगळं कबूल केल्यावर एवढं तरी माझ्याकडे राहू दे, असं वाटलं असेल.

त्या सकाळी पेटीजवळ आम्ही दोघंच होतो. त्यांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली. मग वाकून गवताची मूठ उपटली आणि कानाशी धरून चुरडली. म्हणाले, "टक्केवारी, हे कुरकुरतंय. पंचावन्नला गवत असं बोलत नाही. उद्या करू."

मी म्हणालो, "मग ही पेटी काढून टाकू आणि त्या खांबावर तुमचा कान बसवू."

हसत म्हणालो. ते हसले नाहीत. त्यांनी पेटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एकदा उघडून बघता का?" असं म्हणाले. मी म्हणालो, आत्ताच बघितलंय. पेटी माझ्या हाताच्या अंतरावर होती. दार उघडायला वेळ लागत नाही, कडी साधी आहे. वाटी लगेच दिसली असती. मी उघडलं नाही, कारण उघडल्यावर त्यांचंच खरं निघेल की काय, असं मला तेव्हाच वाटून गेलं होतं. मी शिकलेला, पेटी माझी, आणि ते मूठभर गवतावर मला खोटं पाडणार.

"तुम्ही म्हणता तर," ते म्हणाले, आणि चिठ्ठी खिशात घातली.

हे सगळं आज दुसऱ्या निवेदनात लिहून बाईंना दिलं. शब्द जसेच्या तसे आहेत, माझेही. प्रत जोडली आहे. या वेळी तुला विचारावं लागण्याआधी देतो आहे, असं म्हणणार होतो, पण तू विचारलंच होतंस.

माझ्याविषयी तुला जे वाटायचं ते वाटू दे. पण घरी पोहोचेपर्यंत तू भाचीला काही सांगितलं असशील, घाईत होते वगैरे, तर ते परत घे. तिला सांग, तिच्या बाबांना कळलं होतं. ते उद्या करू म्हणाले होते.

दादा